लहान मुलांसमोर बसून वाजवायचं कसं: खान्देशातल्या अंगणवाडीसाठी आणि ओट्यासाठी

मोबाइलवर हवं ते गाणं लागतं, स्वस्तात स्पीकर मिळतो, मग पेटी-ढोलकी उचलून अंगणवाडीत कशाला जायचं, असं लोक विचारतात. प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तरही सरळ आहे. स्पीकरला समोरचं मूल दिसत नाही, वाजवणाऱ्याला दिसतं. मूल थांबलं तर वाजवणारा थांबतो, मूल पळायला लागलं तर लय वाढवतो, कोपऱ्यातल्या पोरीने मान हलवली तर तिच्या मानेवर ठेका धरतो. आपल्या हलण्याने गाणं बदलतं हे ज्या क्षणी मुलाच्या लक्षात येतं, त्या क्षणी त्याचा चेहरा कसा उजळतो ते एकदा बघा. खरा आनंद तिथे आहे, मुलाचा आणि वाजवणाऱ्याचाही.

याला संशोधनाचाही आधार आहे. जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतले संशोधक सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना एका ठेक्यासोबत ढोल वाजवायला दिला. कधी समोर माणूस वाजवत होता, कधी यंत्र, कधी नुसता स्पीकरमधून आवाज येत होता. तिन्ही वयांची मुलं माणसाबरोबर सर्वांत चांगली जुळली. अडीच वर्षांची मुलंसुद्धा समोर माणूस असला की स्वतःची नेहमीची गती सोडून त्याच्या गतीकडे आली.

हा लेख अंगणवाडीताईंसाठी आहे, बालवाडीच्या शिक्षकांसाठी आहे, भजनी मंडळात पेटी किंवा ढोलकी वाजवणाऱ्यांसाठी आहे आणि नातवंडांना घेऊन ओट्यावर बसणाऱ्या आजी-आजोबांसाठीही आहे. उस्ताद असण्याची गरज नाही. एक ठेका न अडखळता वाजवता येतो आणि पाच सुरांत गाता येतं, एवढं भांडवल पुरे. नजर मात्र वाद्यावर खिळलेली नको. हात आपोआप चालतील इतका सराव घरी करून जा, म्हणजे डोळे मुलांसाठी मोकळे राहतात.

समोर कोण बसणार आहे

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर वाद्य बाजूला ठेवा. मांडीवर घेऊन गा, त्याच्या पाठीवर हलका ठेका द्या. त्याला तुमचा आवाज आणि तुमच्या छातीची थरथर एकदम मिळते, त्याहून चांगलं वाद्य त्या वयाला नाही.

एक ते तीन वर्षांची मुलं आईजवळ किंवा आजीजवळ बसलेली असावीत. दहा मिनिटं खूप झाली. ही मुलं बहुतेक वेळा टक लावून नुसती बघतात. नवख्या वादकाला वाटतं, यांना आवडलंच नाही. तसं नसतं. ती सगळं आत घेत असतात. संध्याकाळी आई सांगते की घरी जाऊन ताटलीवर तेच वाजवत होता. म्हणून या वयाकडून टाळ्यांची अपेक्षा ठेवू नका आणि "टाळ्या वाजव ना रे" असं मागेही लागू नका.

तीन ते सहा वर्षांची म्हणजे अंगणवाडीची मुलं. त्यांच्यासाठी वीस ते पंचवीस मिनिटं धरा. एका वेळी दहा-पंधरा मुलं असतील तर सगळ्यांचे चेहरे दिसतात. तीस असतील तर दोन गट करा, नाहीतर मागच्या ओळीसाठी तुम्ही स्पीकरच ठरता. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मोठी भावंडं दाराशी येऊन उभी राहतातच. त्यांना हाकलू नका, काम द्या. एकाने खंजिरी धरायची, एकीने लहानग्यांचा हात धरून गोल करायचा.

वाद्य कोणतं न्यायचं

जे तुम्हाला येतं ते. फक्त त्याचा आवाज कमी करता यायला हवा.

ढोलकी मुलांना फार आवडते, कारण हात दिसतो आणि आवाज लगेच येतो. पण पत्र्याच्या छताच्या बंद खोलीत जोरात वाजवलेली ढोलकी सहज ९० डेसिबलच्या घरात जाते. हेडफोनसारख्या साधनांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या कानांना ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा धरली आहे आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्याचा सव्वा तासच उरतो. आपल्याकडे तर लग्नसराईत बँडच्या गाडीसमोर बापाच्या खांद्यावर बसलेली दोन वर्षांची पोरं दिसतात. तो आवाज ९० च्या कितीतरी पुढे असतो आणि गाडीपासून लांब जाणं हाच त्यावर साधा उपाय. निदान आपण तरी बोटांनी वाजवावं, पंजाने नाही. डग्ग्याच्या म्हणजे जाड आवाजाच्या बाजूला पातळ रुमाल टाकला तर घुमारा खाली बसतो. मोबाइलवर आवाज मोजणारं ॲप मिळतं. ते अगदी अचूक नसलं तरी अंदाज देतं.

पेटी गाण्यासाठी उत्तम. वरची झाकणपट्टी काढून ठेवा म्हणजे आत काय चाललंय ते मुलांना दिसतं. तिच्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

खंजिरी आणि डफ हलके, फिरत वाजवता येणारे. एकट्याने जायचं असेल तर मी डफच सुचवेन. एका हाताने ठेका, तोंडाने गाणं आणि पाय मोकळे. बासरी ऐकवायला सुंदर, पण ती वाजवताना गाता येत नाही, म्हणून शेवटच्या शांत भागासाठी ठेवा. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजते ती पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) किंवा सातपुड्यातल्या होळीचा मोठा ढोल कोणी वाजवणारं असेल तर त्यांना जरूर बोलवा, मात्र मुलांना मोकळ्या मैदानात, बऱ्याच अंतरावर बसवा. आपल्या गावच्या माणसाच्या हातात ते वाद्य जवळून बघणं या मुलांच्या हक्काचं आहे.

काहीच नसेल तर माठ आहे. पालथा नको, सरळ ठेवा, तोंडावर तळवा मारला की घुमतो आणि कडेवर बोटाने टिचकी मारली की टणटणतो. दोन आवाज मिळाले म्हणजे ठेका झाला.

ठेका आणि सूर

ठेका दोनच ठेवा. चालण्या-नाचण्यासाठी कहरवा, आठ मात्रांचा: धा गे ना ति, न क धिं ना. झोक्यासाठी दादरा, सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. लहान मुलांची आतली लय मोठ्यांपेक्षा जलद असते. भजनाच्या संथ ठेक्यात ती अडखळतात. मिनिटाला साधारण ११० ते १३० टाळ्या पडतील अशा गतीने सुरुवात करा, मग मुलांच्या पावलांकडे बघून कमी-जास्त करा.

सुराच्या बाबतीत मात्र नीट विचार करा, कारण इथे चांगले चांगले गायक मुलांना गप्प करतात. मुलांचा गळा छोटा असतो आणि त्याचा सोयीचा पट्टा मोठ्यांच्या मानाने वर असतो. बाई आपल्या नेहमीच्या काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी हा सा धरून) गायला लागली की खालच्या षड्जापर्यंत (सा) मुलांचा गळा पोहोचतच नाही. मग काही मुलं पुटपुटतात आणि उरलेली सुराशिवाय ओरडतात. लोक म्हणतात, मुलांना सूर नाही. त्यांना सूर आहे, पट्टी चुकीची आहे.

पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी दोन हा षड्ज धरा. मग पंचम (प) पांढरी सहावर येतो. या दोन पट्ट्यांच्या मध्ये बसणारं गाणं चार-पाच वर्षांचं कुठलंही मूल आरामात गाऊ शकतं. पुरुषांनी आपल्या खालच्या सप्तकातल्या पांढरी दोनमध्ये गायलं तरी चालतं, मुलं आपोआप वरचा सूर घेतात. फक्त एकदा पेटीवर वरचा सूर दाखवा.

मुलं लांबून एकमेकांना हाक मारतात ती कधी लक्ष देऊन ऐका. आवाज वर सुरू होतो आणि थोडा खाली उतरून लांबतो. पेटीवर शोधलं तर तो पंचम आणि गंधार (ग) यांच्या जवळपास सापडतो, म्हणजे आपल्या पट्टीत पांढरी सहा आणि काळी तीन. पहिलं गाणं या दोन सुरांचंच करा. ते शिकवावं लागत नाही.

गाणी निवडताना

एका वेळेला पाच-सहा गाणी भरपूर होतात. त्यातलं एकच नवीन असावं. मुलांना तेच ते गाणं हवं असतं, कारण पुढे काय येणार हे माहीत असण्यात त्यांना मजा असते. कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही. "आखो!" (पुन्हा!) असा गलका झाला की तेच गाणं परत घ्या.

भाषा घरची घ्या. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांत मूल अहिराणी ऐकत वाढतं, यावल-रावेरकडे लेवा बोली, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात भिली आणि पावरी या बोली. प्रमाण मराठीतलं कवितेसारखं गाणं त्यांच्या कानावर पडतं आणि घरंगळून जातं. गावातल्या एखाद्या आजीकडे बसा, ती नातवाला निजवताना काय म्हणते ते ऐका, चाल उचला, शब्द तिच्याच तोंडचे राहू द्या. बोली तुम्हाला येत नसेल तर शब्दच नकोत: नुसतं हूं-हूं, ला-ला, किंवा प्राण्यांचे आवाज.

आणि स्वतः रचा. नावाचं गाणं सगळ्यांत सोपं. त्या दोन सुरांवर मी असं काहीतरी घेते (उनं म्हणजे आलं):

कोन उनं, कोन उनं?
सोनी उनी, सोनी उनी!
कोन उनं, कोन उनं?
पवन उना, पवन उना!

यात फार मोठं असं काही नाही, पण आपलं नाव पेटीवर वाजतंय हे ऐकून मूल जागच्या जागी ताठ होतं. नावाबरोबर एक खूणही जोडता येते: डूलवाली सोनी, लाल चड्डीवाला पवन. दुसऱ्या आठवड्यापासून मुलं स्वतः सांगतात, माझं असं म्हणा. बाकीचे विषय आजूबाजूला पडलेत. भरताचं वांगं चुलीत फुटतं तो आवाज, एसटीचा भोंगा, शेळीचं पिल्लू, केळीच्या घडाची गाडी, पोळ्याच्या बैलाची घुंगरमाळ. सारंगखेड्याची यात्रा बघून आलेल्या मुलांना घोड्याच्या टापा जिभेने टॉक-टॉक करून दाखवा. त्यावर हळू चाल, दुडकी, दौड असे तीन वेग एका गाण्यात येतात.

जागा आणि वेळ

सकाळची वेळ उत्तम, आहार वाढण्याच्या बऱ्याच आधी. भाताचा वास सुटला की ढोलकी हरते. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांना जातो, तेव्हा ऊन चढण्याआधीच उरकून घ्या आणि मध्ये पाणी द्या. आधी ताईंशी बोलून ठरवा. त्यांच्या वेळापत्रकात घुसखोरी नको.

खोली घुमत असेल तर खाली सतरंजी आणि भिंतीला दोरीवर दोन-तीन गोधड्या टांगा. फरक लगेच कळतो. कडुलिंबाच्या झाडाखाली बसता आलं तर त्याहून चांगलं. मुलं अर्धगोलात, तुम्ही त्यांच्याच उंचीवर, जमिनीवर. खुर्चीवर बसू नका. पहिल्या ओळीपासून दीड-दोन मीटर अंतर ठेवा, मूल हवं तर स्वतः जवळ येईल.

प्रत्यक्ष बसल्यावर

सुरुवात बोलून करू नका. "बाळांनो, आज मी तुमच्यासाठी" असं भाषण सुरू झालं की निम्मी मुलं गेली. येऊन बसा, वाद्य पुढे घ्या, एकदा हळूच वाजवा आणि थांबा. खोली आपोआप गप्प होते. परत वाजवा, परत थांबा. तिसऱ्या वेळेला कोणीतरी हसतं. त्या मुलाकडे बघा. इथून तुमचं गाणं सुरू झालं.

मग नावाचं गाणं. प्रत्येकाचं नाव आलं पाहिजे. जे मूल तोंड लपवतं त्याचं नाव हळू आवाजात घ्या, त्याच्याकडे न बघता, आणि पुढे जा.

त्यानंतर चालण्याचा कहरवा, आणि त्यात थांबण्याचा खेळ. माझ्या मते या सगळ्या प्रकारात याहून मोलाचं काही नाही, म्हणून तो नीट सांगते. मुलं गोलात चालतात, तुम्ही वाजवता. ठेका एकदम बंद. मुलंही बंद. पहिल्यांदा दोन-तीन मुलं पुढे निघून जातात आणि मागे वळून बघतात. थांबलेलं असताना घाई करू नका. हात ढोलकीच्या वर अधांतरी धरून ठेवा. सगळे डोळे त्या हातावर लागतात. कोणी श्वास रोखतं, कोणी एका पायावर डुलतं, कोणाला हसू आवरत नाही. मग एकच थाप. परत शांतता. मग धडाधड ठेका.

चार-पाच वेळा हे झालं की पुढची पायरी: आता मुलांनी थांबवायचं. एका मुलाला पुढे उभं करा. त्याने हात वर केला की तुम्ही बंद, खाली केला की सुरू. इथे एक पथ्य काटेकोर पाळा. त्याने हात वर केल्यावर एक मात्राही जास्त वाजवायची नाही, मग ठेका अर्धवट राहो की तिहाई (शेवटी तीनदा वाजवायचा तुकडा). चार वर्षांच्या पोराचा हात वर गेला आणि मोठ्या माणसाची ढोलकी त्याच क्षणी गप्प झाली, असं त्याच्या आयुष्यात यापूर्वी घडलेलं नसतं. घरी, रस्त्यावर, लग्नात त्याचं कोण ऐकतं? वर्गात एरवी एक शब्द न बोलणारी मुलंही या पाळीसाठी रांगेत येऊन उभी राहतात.

त्याच धर्तीवर हळू-जलद आणि लहान-मोठा. एक मूल चालेल, तुम्ही त्याच्या पावलावर वाजवा. पाऊल तसा ठेका. ते दबकत चाललं तर बोटाच्या टोकाने टिकटिक, धाडधाड पाय आपटले तर दणका. मुलं दोन मिनिटांत ओळखतात की सूत्रं आपल्या हाती आहेत, आणि मग काय काय करून बघतात! उड्या मारतात, एकच पाय उचलून धरतात, लोळण घेतात. लोळणीला काय वाजवायचं हे तुम्हाला तिथल्या तिथे सुचावं लागेल. मी पेटीच्या सगळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवते.

दमली की दादरा. दोन-दोन मुलं समोरासमोर बसून हात धरतात आणि मागे-पुढे झोके घेतात. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही. लय हळूहळू उतरवत न्या, आवाजही. आणि शेवटी बासरी किंवा नुसता गळा, डोळे मिटून किंवा उघडे, ज्याला जसं हवं तसं.

निरोपाचं गाणं दर वेळेला तेच ठेवा. आता संपलं हे सांगायला ते पुरतं, आणि रडारड होत नाही.

वाद्य मुलांच्या हाती देताना

द्यायचंच. नुसतं बघायला लावून वाद्य पिशवीत घालणं हे मुलांवर अन्याय करणारं आहे. पण बसण्याच्या शेवटच्या टप्प्यात, एकेकाला, तुमचा हात जवळ ठेवून.

पेटीपाशी एक मूल तुमच्या बाजूला बसवा आणि त्याला भाता धरू द्या. पट्ट्या तुमच्याकडे. ते जोरजोरात हापसेल, पेटी किंचाळेल, मग ते दचकून थांबेल आणि सूर मरेल. तुम्ही पट्टी दाबूनच ठेवा. दोन क्षण ते पट्टीकडे बघेल, मग आपल्या हाताकडे. आणि परत भाता हळूच ओढेल, आणि गाणं परत येईल. वारा त्याचा, बोटं तुमची. असं एक आख्खं गाणं दोघांनी मिळून वाजवल्यावर त्या मुलाला उठवणं अवघड असतं, म्हणून आधीच सांगून ठेवा: एक गाणं, मग पुढचा.

ढोलकीवर आधी तळवा टेकवायला सांगा, वाजवायला नंतर. तुम्ही दुसऱ्या बाजूने थाप द्या. कातडं हाताखाली थरथरतं ते कळलं की मूल स्वतःहून हलकं वाजवतं.

सगळ्यांना एकदम काहीतरी हवं असेल तर खुळखुळे करा. प्लास्टिकच्या छोट्या बाटलीत ज्वारी किंवा चिंचोके, अर्ध्याहून कमी भरलेले, झाकण घट्ट आणि वरून चिकटपट्टीचे तीन-चार वेढे. दर वेळेला झाकण तपासा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सव्वातीन सेंटिमीटरहून बारीक सुटी वस्तू जाता कामा नये, ती घशात अडकू शकते. सुटे घुंगरूही त्यात आले. घुंगरू पट्ट्यावर शिवूनच द्या. केळीचा रिकामा खोका पालथा घातला की चार मुलांचा ढोल होतो, तोही कानाला सोसणारा. काड्या देऊ नका, हातच बरे. पितळी झांज बंद खोलीत अजिबात नको. बासरी, पिपाणी अशी तोंडाची वाद्यं एका तोंडातून दुसऱ्यात जाऊ देऊ नका.

वाटताना एक शिस्त: वाजवण्याचा गजर आणि ठेवण्याचा गजर वेगळा. "ठेवा" असं तोंडाने न ओरडता पेटीवर वरून खाली पाच सूर वाजवा. दोन-तीन खेपांत मुलांना खूण पटते.

हमखास येणाऱ्या अडचणी

एखादं मूल ढोलकी सुरू होताच रडतं. त्याला ताईंजवळ किंवा दाराबाहेर, आवाज कमी येईल तिथे बसवा आणि येणं-जाणं मोकळं ठेवा. काही मुलांचे कान जास्त हळवे असतात. पुढच्या वेळी त्याला आधी, बाकीची मुलं यायच्या अगोदर, बंद वाद्याला हात लावू द्या. आवाज कुठून येतो हे कळलं की भीती कमी होते.

एखादा सारखा पळतो. पळू द्या आणि त्याच्या पळण्यावर वाजवा. तो थांबला की तुम्ही थांबा. बहुतेक वेळा तो स्वतःच परत येऊन उभा राहतो.

एखादं मूल काहीच करत नाही. करायची सक्ती नाही. बघणं हेही भाग घेणंच आहे.

पाठीमागून वाजवलेल्या खंजिरीकडे एखादं मूल वारंवार वळूनही बघत नसेल तर ताईंना शांतपणे सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं आणि ऐकू कमी येणं हे त्या तपासणीत आहे. अशा मुलाला तुमच्या कार्यक्रमातून वगळू नका. त्याला माठाला कवटाळून बसू द्या, पेटीच्या लाकडावर गाल टेकवू द्या. त्याला अंगाने ठेका कळतो.

आयांनी मोबाइल वर धरून शूटिंग सुरू केलं की मुलं तिकडे बघतात. सुरुवातीलाच सांगा, शेवटचं एक गाणं काढा, बाकीच्या वेळी टाळ्या धरा. आणि कोणत्याही मुलाचा व्हिडिओ घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका.

खान्देशचं वर्ष हाताशी आहे

वेगळे विषय शोधत बसायला नको. वैशाखात आखाजीला गौराईची गाणी आणि झोके. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीचा सण, तिच्या रात्रीच्या जागरणात बायकांची गाणी. त्यातली एखादी सोपी चाल सोमवारनंतर आठवडाभर मुलांच्या तोंडी असते, तीच उचला. श्रावण अमावास्येला पोळा, म्हणजे घुंगरमाळा. फाल्गुनात सातपुड्यात ढोल.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींचा गुलाबाईचा सण. पोरी टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. ही रीत लहान मुलांसाठी जशीच्या तशी घेता येते आणि ती कानाची फार सुंदर परीक्षा आहे. झाकलेला डबा कहरव्यात हलवा. खळखळ झाली तर काय असेल? दबका धप-धप आवाज आला तर? मुलं डब्याला कान लावतात, एकमेकांना गप्प करतात, "लाडू!" म्हणतात. आवाजच आला नाही की एखादं चटपटीत पोर केळ्यावर येतं. खाऊ मात्र बेताने निवडा. शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून ते वाजवण्यापुरतेच; खायला राजगिऱ्याचा मऊ लाडू किंवा केळ्याचे काप.

वाद्यांची आणि पुढच्या आठवड्याची तजवीज

उन्हाळ्यात कातडं कोरडं पडून ताणतं, ढोलकीचा सूर चढतो आणि पुडी फाटू शकते. बंद गाडीत किंवा उन्हात वाद्य ठेवू नका. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, तेव्हा शेकण्याच्या भरात फार जवळ धरू नका. पेटी धुळीपासून जपा. मुलांच्या हातून भात्यात खाऊचा चुरा जातो, म्हणून खाऊ नेहमी शेवटी.

आठवड्यातून एकदा, ठरल्या वाराला, थोडा वेळ गेलात तर महिन्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा कितीतरी जास्त हाती लागतं. एका वहीत लिहून ठेवा: कोणतं गाणं "आखो" झालं, कोणत्या मुलाची भात्याची पाळी राहिली, कोणी पहिल्यांदा हात वर केला.

आणि निघण्याआधी दहा मिनिटं ताई आणि मदतनीस यांच्यासाठी ठेवा. कहरव्याच्या आठ मात्रा त्यांना खोक्यावर वाजवायला शिकवा, नावाचं गाणं आणि निरोपाचं गाणं त्यांच्या आवाजात एकदा म्हणून घ्या, पट्टी ठरवून द्या. शक्य असेल तर एक खंजिरी तिथेच सोडून या. तुम्ही नसाल त्या दिवशी मुलं ती मागतील, आणि ताईंना ती वाजवता आली पाहिजे.